स्मृतीचे वतन

नगरच्या रेल्वे स्थानकावरून निघून पुण्याच्या रस्त्याला लागले म्हणजे शहर कोठे संपले आणि केडगाव कोठे लागले, हे आज कोणालाही बोट दाखवून सांगता येणार नाही. दुकानांना लागून दुकाने, वसाहतींना लागून वसाहती, शाहूनगर, भूषणनगर, एकनाथनगर अशी नावे धारण केलेल्या गल्ल्या, आणि या सर्वांच्या मधून अहोरात्र वाहणारा महामार्ग असे आजचे दृश्य आहे. तथापि ज्या भूमीवर हा पसारा उभा आहे, ती शतकानुशतके एका स्वतंत्र मौज्याची पांढरी आणि काळी होती. त्या मौज्याला स्वतःची शीव होती आणि त्याच्या रानातील एकेका तुकड्याला, घरातल्या माणसाला असावे तसे, स्वतःचे नाव होते. गावठाण अद्याप ओळखू येते. २००३ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि आज तिच्या हद्दीत गावाची शीव विरघळून गेलेली आहे. तुकड्यांची नावे कोठे गेली, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. मला या लेखात तोच विचारावयाचा आहे.

आरंभीच एक खुलासा करणे अवश्य आहे. केडगाव म्हटले की महाराष्ट्रातील सुशिक्षित वाचकाच्या मनात प्रथम पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन उभे राहते. ते केडगाव निराळे. ते पुणे जिल्ह्यात, दौंडहून पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. एकाच नावाच्या दोन गावांपैकी एकाला अलौकिक कर्तृत्वाच्या स्त्रीचा सहवास लाभला आणि ते ग्रंथांत शिरले. दुसऱ्याला तो लाभला नाही म्हणून ते ग्रंथांच्या बाहेर राहिले. यात तक्रार करण्यासारखे काही नाही. परंतु जे गाव ग्रंथात नाही त्याला इतिहास नाही असा आपला जो समज झालेला आहे, तो या नगरच्या केडगावाच्या निमित्ताने तपासून पाहण्याजोगा आहे.

जुन्या दख्खनी गावात जमिनीची ओळख थळाने होत असे. थळ म्हणजे रानाचा एक मोठा विभाग. त्याला झाडावरून, विहिरीवरून, मातीच्या रंगावरून, एखाद्या दैवतावरून किंवा एखाद्या प्रसंगावरून नाव पडलेले असे, आणि पुष्कळदा ज्या मिरासदार घराण्याने ती जमीन मूळची वहितीस आणली त्या घराण्याचे आडनाव तिला चिकटलेले असे. ते घराणे दुष्काळात परागंदा झाले, साथीत निर्वंश झाले, तर जमीन गतकुळी म्हणून गावाच्या ताब्यात येई. तिच्यावर उपरी कुळे येत, पिके घेत, निघून जात. पण थळाचे नाव बदलत नसे. ज्यांच्या नावे पाणी सोडण्यासही कोणी उरले नव्हते अशी माणसे नांगराच्या प्रत्येक खेपेस शेतकऱ्यांच्या तोंडून उच्चारली जात. पाषाणात नाव कोरून ठेवण्याचे सामर्थ्य राजेरजवाड्यांना होते. कुणब्याचे नाव मातीत राहिले, आणि त्यासाठी कोणाला एक दमडी खर्चावी लागली नाही. गावाच्या दफ्तरात या नावांची मोजदाद करणारा कागद असे, त्याला थळझाडा म्हणत.

पुढे कंपनी सरकारच्या अमलात, १८३५-३६ च्या सुमारास, इंदापुराकडे गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जमिनीची नवी पाहणी सुरू केली. हळूहळू ती सगळ्या दख्खनभर पसरली, आणि प्रत्येक शेताला नंबर मिळाला. पाहणी काटेकोर होती, आणि तिने रयतेचा धारा निश्चित केला हे तिचे श्रेय कोणी नाकारू नये. तथापि त्या दिवसापासून थळाचे नाव सरकारी कागदातून उठले व केवळ शेतकऱ्याच्या जिभेवर राहिले. १९४७ च्या कायद्यान्वये तुकडेजोड झाली तेथे सर्व्हे नंबराचा गट नंबर झाला. आणि गाव शहरात गेले तेव्हा गट नंबराचे पोटहिस्से पडून प्लॉट नंबर झाले. जिभेवर राहिलेले नाव जीभ आहे तोवर राहते. केडगावात ज्यांनी या रानांत मोट हाकलेली आहे अशी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी असतील, आणि त्यांच्या नातवंडांना घराचा पत्ता सांगताना थळाच्या नावाची गरज पडत नाही.

गरज हा शब्द मी विचारपूर्वक वापरला. समाज काय ध्यानात ठेवतो आणि काय विसरतो याचा शोध घेताना मला वारंवार असे आढळून आले आहे की, स्मृतीलाही वतन लागते. ज्या आठवणीवर कोणाचा तरी हक्क, कोणाची तरी पूजा किंवा कोणाचे तरी गाणे अवलंबून असते ती टिकते. ज्या आठवणीला वारस नाही ती, तिची खूण डोळ्यांसमोर उभी असली तरी, मरून जाते.

मराठी मुलखाइतके याचे स्पष्ट उदाहरण अन्यत्र क्वचितच सापडेल. आपल्या पूर्वजांना इतिहास लिहिण्याची हौस नव्हती असे म्हणण्याची रीत पडलेली आहे. परंतु पाटीलकीचा तंटा उपस्थित झाला की हेच लोक आपल्या घराण्याचा पाच-सहा पिढ्यांचा करीना तपशीलवार लिहून देत. अमक्या दुष्काळात गाव ओस पडले, अमक्या मूळपुरुषाने कौल घेऊन वसाहत केली, अमक्याने भाऊबंदाचा खून केला, अमक्याने वतन विकले, हे सारे त्यात येई. मग गोतसभा बसे, साक्षी होत, आणि निवाड्याचा महजर तयार होई. त्यावर पाटलाचा नांगर, सुताराची पटाशी, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या उमटत. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनीही आपल्या व्यवसायाचे हत्यार काढून इतिहासावर सही केली. अशा कागदांच्या रुमालांतूनच पुढे राजवाड्यांनी, खऱ्यांनी, पारसनिसांनी महाराष्ट्राचा इतिहास उकलला. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड राजवाड्यांनी प्रसिद्ध केला तेव्हा लोकांना नवल वाटले की एवढे कागद होते तरी कोठे. ते होते माळ्यांवर, बळदांत आणि देवघरांच्या कोनाड्यांत. आणि ते ठेवले गेले होते कारण त्यांवर घराची भाकर अवलंबून होती. १८५२ सालच्या इनाम कमिशनने सनदा मागावयास आरंभ केला तेव्हा तर प्रत्येक इनामदाराला आपला भूतकाळ गाठोड्यात बांधून कचेरीत नेऊन दाखवावा लागला.

या दफ्तरी स्मृतीचा एक भाग असा आहे की तो कागदावर कधीच आला नाही, आणि तो ज्यांच्याजवळ होता त्यांना त्याचे श्रेय कधी मिळाले नाही. दोन गावांमध्ये शिवेचा वाद पडला म्हणजे, पाटील-कुळकर्णी काय म्हणतात यापेक्षा गावचा महार काय म्हणतो याला महत्त्व असे. शिवेचा कोणता दगड कोठला, ओढा पूर्वी कोणत्या अंगाने वाहत होता, हे त्याला बापाकडून आणि बापाला आज्याकडून ठाऊक झालेले असे. दिव्याची पाळी आली तर तोच शपथ वाहून शीव चालून दाखवी, आणि ज्या रेषेने तो चालला ती रेषा दोन्ही गावांना मान्य करावी लागे. ज्याच्या सावलीचा विटाळ मानला जाई, त्याच्याच पावलांनी गावाची सीमा ठरत होती. केडगावच्या भोवती नेप्ती आहे, आरणगाव आहे. या गावांच्या शिवा आज ज्या नकाशांत आखलेल्या दिसतात, त्या नकाशांच्या मुळाशी अशीच अनेक पिढ्यांची चाल आहे. या लोकांनी स्वतःच्या हक्कांची आठवणही सनदेच्याच रूपाने जपली; बेदरच्या बादशहाने बावन्न हक्क दिल्याची परंपरा महार समाजात दख्खनभर सांगितली जात असे. परंतु याच वतनाने त्यांना गावकीच्या राबणुकीत जखडून ठेवले, हे ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, आणि स्वातंत्र्योत्तर काळात ती वतने कायद्याने नष्ट झाली. ते योग्यच झाले. जी स्मृती माणसाला गुलामीत ठेवून टिकते ती बुडालेली बरी, असे म्हणताना मला क्षणभरही संकोच वाटत नाही. मात्र ते हक्क बुडाले म्हणून ते ज्ञानही कोणाचे होते हे विसरण्याचे कारण नव्हते.

कुळकर्णी वतन गेले, १९६३ च्या आरंभी पाटीलकीही गेली. वतन गेल्यावर वतनाच्या कागदाला किंमत उरली नाही. घरे पाडताना, वाटण्या होताना, रुमालच्या रुमाल रद्दीत निघाले किंवा वाळवीच्या तोंडी गेले. याचा दोष त्या कुटुंबांना देता येत नाही. हक्काचा पुरावा म्हणून सांभाळलेली वस्तू हक्क संपल्यावर इतिहास म्हणून सांभाळावी, ही दृष्टी त्यांना कोणी दिलीच नव्हती.

आता ज्या स्मृतीला कधीच वतन मिळाले नाही, तिच्याकडे वळतो. केडगावाच्या अंगाने दौंड-मनमाड लोहमार्ग जातो. नगरच्या लोकांचे आयुष्य त्या गाडीच्या शिटीवर चालत आले; नोकरीसाठी, शिक्षणासाठी, वारीसाठी, लष्करात भरती होण्यासाठी लोक याच मार्गाने गेले आणि आले. हा सुमारे १४५ मैलांचा मार्ग १८७८ साली वाहतुकीस खुला झाला. त्याच्या आधीची दोन वर्षे आठवून पाहिली म्हणजे या मार्गाचे मोल निराळेच भासू लागते. १८७६ सालचा पाऊस गेला. जिराईत पिके हातची गेली. जनावरे चाऱ्यावाचून मेली. नगर, सोलापूर, पुणे, सातारा, विजापूर या जिल्ह्यांतील लक्षावधी माणसे दुष्काळी कामांवर आली. त्या कामांपैकी एक मोठे काम म्हणजे याच लोहमार्गाचा भराव. मनमाडपासून दौंडपर्यंत जो मातीचा उंच बांध रुळांना डोक्यावर घेऊन उभा आहे, त्याची माती उपाशी माणसांनी पाट्या-पाट्यांनी वाहिलेली आहे.

त्यांना मजुरी किती मिळत होती हेही सांगितले पाहिजे. १८७७ च्या आरंभी सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरीला कात्री लावली. धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसा, एवढ्यावर दिवसभराचे काम भागवावे असे त्यांचे अर्थशास्त्र सांगत होते. तेव्हा मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी, जवळ दुसरा आधार नसताना, कामे सोडली. निरक्षर, अर्धपोटी माणसांनी एकत्र येऊन सरकारच्या दरास नकार द्यावा, ही घटना आपल्या इतिहासात साधी नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या मंडळींनी, त्यांची बाजू घेतली व गावोगावची हकीकत गोळा करून सरकारपुढे मांडली. आज त्या मार्गावरून जाणाऱ्या शंभर प्रवाशांना विचारले, तर हा भराव दुष्काळाने घातला आहे असे सांगणारा एक तरी मिळेल की नाही याची मला शंका वाटते. त्या मजुरांची हजेरीपत्रके असतील, पण त्यांच्या आडनावाचे थळ नाही, त्यांच्या नावाचा दगड नाही, आणि मजुरी चुकती झाल्यावर त्यांचा त्या बांधावर कोणताही हक्क उरला नाही. वारस नसलेली स्मृती डोळ्यांदेखत कशी नाहीशी होते, याला याहून मोठा पुरावा नको.

सामान्य जनांची स्मरणशक्ती दुबळी असते, असा मात्र याचा अर्थ नव्हे. ज्या पिढ्यांना जन्मतारीख ठाऊक नव्हती त्यांनी आपले वय संकटांवर मोजले. प्लेगात आई गेली, मानमोडीच्या साली थोरला झाला, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलो आणि सुखडी खाल्ली, अशी ती कालगणना आहे. आणि इतिहासाच्या सनावळीशी ताडून पाहिली तर ती फारशी चुकत नाही. परंतु ही गणना माणसाच्या आयुष्याएवढीच लांब असते. १८७७ साल ज्यांनी पाहिले ते गेले, त्यांच्याकडून ज्यांनी ऐकले तेही गेले.

लोकांच्या आवडीची आठवण मात्र चुकीच्या जागीही टिकून राहते. नगर शहराच्या पूर्वेस, पाथर्डीच्या वाटेवर, शहा डोंगराच्या माथ्यावर एक अष्टकोनी, तिमजली, धिप्पाड दगडी इमारत उभी आहे. नगरच्या कोणत्याही मुलाला विचारावे, तो तिला चांदबिबीचा महाल म्हणून सांगेल. वस्तुतः तो महाल नाही आणि चांदबिबीचाही नाही. मुर्तजा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान याची ती कबर आहे. हा सलाबतखान सामान्य गृहस्थ नव्हता. धनी विक्षिप्त, एकांतवासी, राज्यकारभाराला विटलेला. अशा अवस्थेत राज्य सावरण्याचे काम याने केले, आणि फराहबागेचे बांधकाम पुरे होण्याचे श्रेयही त्याच्याकडे जाते. पण कारभार नीट चालविणाऱ्या मंत्र्याचे पोवाडे होत नाहीत. चांदबिबीची गोष्टच निराळी. हुसेन निजामशहाची ही कन्या, विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा, माहेरी परत आली आणि १५९५-९६ साली शाहजादा मुरादच्या मोगली फौजेने नगरचा किल्ला वेढला तेव्हा सुरुंगाने फुटलेल्या तटावर स्वतः जाऊन उभी राहिली. लोकांच्या मनात ती ठसली ती कायमची. मनात ठसलेल्या माणसाला डोळ्यांपुढे जागा लागते. डोंगरावरची ती इमारत दहा कोसांवरून दिसणारी. तेव्हा लोकांनी ती तिला देऊन टाकली.

या देणगीत लोकांची कृतज्ञता आहे, आणि मला ती मनापासून आदरणीय वाटते. पण याच गोष्टीची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. १६०० साली मोगलांनी पुन्हा वेढा दिला. आता किल्ला राखणे अशक्य आहे, तह करून बालराजाला आणि माणसांना वाचवावे, असे चांदबिबीने ठरविले. तेव्हा ती शत्रूला फितूर झाली असा आरडाओरडा झाला आणि तिच्याच नगरात, तिच्याच माणसांनी तिला ठार केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत किल्ला पडला. नगरने चांदबिबीला महाल दिला आणि तिचे मारेकरी विसरून गेले. एका आठवणीच्या पोटात दुसरे विस्मरण किती सहज दडून राहते! इतिहासकाराचे काम लोकांच्या हातून चांदबिबी हिरावून घेण्याचे नाही. डोंगराकडे बोट दाखवताना सलाबतखानाचे नाव आणि १६०० चा तो दिवस ही दोन्ही सांगावीत, एवढे तरी त्याने केले पाहिजे.

निजामशाही घराण्याची स्वतःची स्मृती याहूनही विलक्षण होती. १४९० साली भिंगारजवळ बहामनी फौजेचा मोड करून ज्या मलिक अहमदाने हे राज्य स्थापिले, त्याचा बाप मलिक हसन हा पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्ण्याचा मुलगा, लढाईत पकडला जाऊन बेदरला आलेला, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. फिरिश्ता स्वतः नगरात वाढलेला व पुढे विजापुरी जाऊन स्थिरावलेला. तेव्हा निजामशाहीची ही हकीकत आदिलशाहीच्या आश्रयाने लिहिली गेली. तो पुढे लिहितो की पाथरीच्या नातलगांनी बुऱ्हाण निजामशहाला आपल्या वडिलार्जित हक्काची आठवण करून दिली. बुऱ्हाणाने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरीच्या मोबदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. त्याने नकार दिला. तेव्हा पाथरी तलवारीने घेतली आणि पुढे ती त्या ब्राह्मण नातलगांना इनाम करून दिली. धर्म बदलला, भाषा बदलली, डोक्यावर छत्र आले, तरी कुळकर्णाची आठवण तीन पिढ्या जिवंत राहिली. वतनाची ओढ सिंहासनावर बसलेल्या माणसालाही सुटली नाही.

हक्कावाचून जी स्मृती केडगावात टिकली ती पूजेच्या बळावर. येथील रेणुकामातेचे देऊळ हे गावाचे हृदय आहे. नवरात्रात घट बसले की पहिल्या माळेपासून पहाटेच्या अंधारात नगर शहरातून आणि आसपासच्या खेड्यांतून माणसे चालत निघतात. अनवाणी पायांची ती वाट पुण्याच्या महामार्गाच्या कडेनेच जाते. माहूर ही रेणुकादेवीची मूळ जागा. तेथवर ज्यांना जाणे घडत नाही त्यांच्यासाठी ती येथे आहे, ही श्रद्धा महाराष्ट्रातल्या अनेक ठाण्यांच्या मुळाशी आहे. माझे लक्ष त्या चालण्याकडे जाते. जी वाट दरवर्षी नऊ दिवस हजारो पायांनी तुडवली जाते तिला नकाशाची जरुरी राहत नाही. शेजारच्या आरणगावी, जेथे १९२३ साली मेहेरबाबांनी मेहेराबादची वसाहत आरंभिली, तेथे दर वर्षी ३१ जानेवारीस, त्यांच्या देहत्यागाच्या दिवशी, देशोदेशींची माणसे जमतात आणि भर दुपारी मौन धरतात. एके ठिकाणी पाय चालतात, दुसरीकडे ओठ मिटतात. दोन्ही स्थळी स्मरणाचे काम देहावर सोपविलेले आहे, आणि देह कागदापेक्षा कमी विसरतो.

२०२४ साली शासनाने अहमदनगरचे नाव बदलून अहिल्यानगर केले. ज्यांच्या नावाने ते झाले त्या अहिल्यादेवी १७२५ साली याच जिल्ह्यातील चौंडी येथे जन्मल्या. घाट, देवळे, विहिरी आणि न्यायनिवाडे यांनी त्यांची स्मृती काशीपासून रामेश्वरापर्यंत अगोदरच पसरलेली आहे. या नामांतरावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलून झाले आहे. त्यात भर घालण्याचे माझे प्रयोजन नाही. एवढेच नमूद करतो की सामान्य माणसाच्या तोंडी या शहराचे नाव पूर्वीही नगर होते आणि आजही नगरच आहे. एस.टी.च्या थांब्यावर, कांद्याच्या अडत्यापाशी, लग्नाच्या बैठकीत तो एवढेच म्हणतो. पाटीवरील अक्षरे राज्यकर्त्यांच्या स्वाधीन असतात. मला काळजी वाटते ती ज्या नावांना पाटीच नव्हती, ज्यांच्यासाठी कोणी मोर्चा काढणार नाही, ठराव करणार नाही, आणि जी एका वृद्धाच्या निधनाबरोबर कायमची जातील, त्या थळांच्या नावांची.

म्हणून केडगावच्या शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींना आणि त्यांच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. गावठाणात जी चार-दोन वडीलधारी माणसे रानात राबलेली असतील, त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. कोणत्या वसाहतीच्या जागी पूर्वी कोणते थळ होते, तेथे कोणती विहीर होती, तिला पाणी कसे होते, शिवेचा दगड कोठे होता आणि तो कोण दाखवीत असे, लोहमार्गाच्या भरावाविषयी त्यांच्या आज्याने काही सांगितले होते काय, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. उच्चार जसा ऐकू येईल तसाच ठेवावा, शुद्ध करू नये. स्त्रियांना विसरू नये, कारण पाणवठ्याची आणि खुरपणीच्या रानांची नावे त्यांनाच अधिक ठाऊक असतात. मग त्या नावांपुढे आजचे गट नंबर मांडून एक साधा नकाशा काढावा, आणि वहीची एक प्रत शाळेत ठेवून दुसरी नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात नेऊन द्यावी. १९६० सालापासून ते संग्रहालय कागद, नाणी, शस्त्रे आणि मूर्ती सांभाळीत आले आहे. केडगावच्या शेतांच्या नावांनाही तेथे जागा मिळेल. हे काम येत्या पावसाळ्यापूर्वी सुरू करावे.